राशोलचे पाद्री-गुरु : फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे अल्प चरित्र



आपल्या दारव्ह्याच्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी होत असता ह्या स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे, हा प्रश्न माझ्यापुढे काही दिवस होता. ख्रिस्तसभेत संतमहात्म्यांची वाण नाही. परंतु ज्या पुरुषाने मराठी माणसाच्या कानी मराठी ओवीतून येशूची कथा घातली, त्याचे नुसते नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असून त्याचे जीवन मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची निवड केली.

ह्या निवडीस दुसरेही एक कारण आहे. हल्ली आमच्या सेमिनरींत होतकरू धर्मगुरूंना इतर धर्मांचे अध्ययन करावे लागते. हिंदु, मुसलमान, बौद्ध विद्वानांस बोलावून त्यांच्या मुखातून त्यांचा धर्म ऐकण्याचे प्रसंग घडवून आणतात. कोणत्याही धर्माचा माणूस आजारी वा शोकग्रस्त असला तर त्याच्याजवळ कसे बसावे, किती बोलावे व केव्हा मुकाट राहावे, हेही शिकवितात. हे ऐकून आपल्यातील काही वडीलधाऱ्या मंडळींनी माझ्यापाशी शंका काढली की, धर्मगुरु होणाऱ्या मुलाने स्वधर्म सोडून परक्यांची पुराणे का चाळावीत? शंका प्रामाणिक आहे व तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. युक्तिवाद करण्यापेक्षा एक जीवन समोर ठेवणे मला अधिक सोपे वाटते.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुशटन नामक खेड्यात झाला. वडील व्यापारी होते व त्यांचे नावही थॉमसच होते. मुलाचे प्राथमिक अध्ययन विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत झाले. तो काळ इंग्लंडातील कॅथॉलिकांस फार कठीण होता. राजसत्तेने रोमशी नाते तोडले होते. मिस्सा ऐकणे हा गुन्हा होता आणि धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास तुरुंगाची वाट दाखविली जात असे. तरुण स्टीफन्स ह्यांचा थॉमस पाऊंड नामक एक श्रीमंत व श्रद्धावान मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश करावा, असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि त्यापुढील सुमारे तीस वर्षे त्यांनी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ च्या ऑक्टोबरात संत आंद्रेयाच्या मठात नवशिष्य म्हणून दाखल झाले. मित्राचा त्यांस विसर पडला नाही. १५७८ मध्ये त्यांनी संघाच्या वरिष्ठांस पाऊंडविषयी विस्तृत विनंतीपत्र लिहिले, आणि त्या बंदिवानास तुरुंगात असतानाच संघात घेण्यात आले. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

स्टीफन्स ह्यांचे मन हिंदुस्थानाकडे ओढले जात होते. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या दारी देवाघरी गेले होते व त्यांचे पवित्र शरीर १५५४ पासून गोव्यात होते. वरिष्ठांची परवानगी मिळताच ४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून निघाले. त्या वर्षी पाच जहाजे पूर्वेकडे चालली होती. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे अर्धे मरण. ताजे अन्न नसल्यामुळे हिरड्या सुजत, अंग फुगे, हातपाय निकामी होत. त्यांच्या जहाजावर दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली व सत्तावीस मरण पावली. तरीही जाणते खलाशी म्हणत की, मागील फेऱ्यांच्या मानाने ही हानी थोडीच आहे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी वडिलांस प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि हिंदुस्थानाकडे येऊ पाहणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज असा त्यांचा उल्लेख होतो. ते आले मात्र व्यापारासाठी नव्हे व राज्यासाठीही नव्हे. स्वदेशाचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही.

१५८० च्या सुमारास गुरुदीक्षा मिळाल्यावर त्यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतात झाली, आणि पुढील सुमारे चाळीस वर्षांतील बहुतेक सर्व काळ त्यांनी तेथेच घालविला. पोर्तुगीज लोक त्यांना पाद्री एस्तेव्हाँव म्हणत. येशूसंघाचे साष्टीतील कॉलेज कधी मडगावी तर कधी राशोलच्या किल्ल्यानजीक असे. अखेर झुआरी नदीकाठच्या राशोलला ते स्थिरावले. तेथील भव्य इमारतीचा पाया १६०६ मध्ये सर्व संतांच्या सणादिवशी घातला गेला. ह्या कॉलेजाचे रेक्टरपदही स्टीफन्स ह्यांनी सांभाळले.

आता साष्टीची त्या वेळची स्थिती सांगितली पाहिजे व ती सांगताना काहीही लपवून ठेवणे योग्य होणार नाही. १५६७ मध्ये सत्ताधाऱ्यांच्या हुकुमाने साष्टीतील शेकडो देवळे पाडण्यात आली होती. जुन्या धर्माची पुस्तके बाळगण्यास मनाई होती व इन्क्विझिशनच्या न्यायासनाची दहशत १५६० पासून होती. पुष्कळ कुटुंबे आपले देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे निघून गेली. जी राहिली त्यांपैकी काहींनी अंतःकरणपूर्वक बाप्तिस्मा घेतला, काहींनी भयाने, तर काहींनी लाभासाठी. सुवार्तेच्या पेरणीत तलवारीची सावली पडली होती. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी स्वमुखाने कबूल करावी, हेच सत्याला धरून आहे.

ह्या सावलीचे फळ १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावी दिसले. साष्टीचे नवे वरिष्ठ फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा हे चार संघबंधूंसह देवळासाठी जागा पाहण्यास व क्रूस उभारण्यास तेथे गेले असता संतप्त गावकऱ्यांनी त्यांस ठार केले. त्यांच्यासोबतचे काही स्थानिक ख्रिस्ती जनही त्या दिवशी प्राणांस मुकले. अक्वाव्हिवा ह्यांची हकिकत विशेष आहे. ते नुकतेच अकबर बादशहाच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारातून परत आले होते. तेथे १५८० पासून मुसलमान, हिंदु, जैन, पारशी पंडितांसमवेत बसून धर्मचर्चा करण्याची संधी त्यांस लाभली होती. ज्या पुरुषास बादशहाच्या सभेत सन्मानाने बसविले, तोच आपल्या माणसांच्या सत्तेने दुखावलेल्या एका खेड्यात मारला गेला. पाचही रक्तसाक्षींस राशोल येथे पुरण्यात आले, आणि १८९३ मध्ये त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यात आले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून सत्ताधाऱ्यांनी त्यांचा वध केला. विश्वासघाताने मारले गेलेले ते लोकही देवाचीच लेकरे होती.

अशा रक्ताने भिजलेल्या भूमीत चौतीस वर्षांच्या एका परदेशी धर्मगुरूने काय करावे? भीतीने किल्ल्याच्या आत राहावे की सूडाच्या मागे लागावे? स्टीफन्स ह्यांनी तिसरा मार्ग धरला. ते शिकू लागले.

त्यांनी लोकांची बोली कोंकणी आत्मसात केली, आणि ज्या ग्रांथिक मराठीत लोक कथापुराणे ऐकत तीही साधली. त्यांचा अभ्यास केवळ पाद्र्याच्या कामापुरता नव्हता, त्यात जिज्ञासूचे कौतुक होते. १५८३ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे असलेल्या रिचर्ड नामक भावास त्यांनी पत्र लिहिले. त्यात माडाच्या झाडाचे मोठ्या कौतुकाने वर्णन आहे. आणि इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळते, असा अभिप्राय आहे. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये मांडली व त्यावरून भाषाशास्त्रास नवी दिशा मिळाली. साष्टीच्या ह्या पाद्र्यास ती दोनशे वर्षे आधी जाणवली होती. तारखांकडे लक्ष द्यावे. कुंकळ्ळीच्या घटनेस पुरते चार महिनेही झाले नव्हते. ज्या लोकांच्या हातून आपले बंधू मारले गेले, त्यांच्याच भाषेचे गुण हा पुरुष आपल्या भावास कळवीत होता.

शिकणे ही एकट्या स्टीफन्स ह्यांचीच गोष्ट नव्हती. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरून घेतलेली कोंकणी व मराठी हस्तलिखिते आजही आहेत. ती साष्टीतील येशूसंघीयांच्या अध्ययनातून निर्माण झाली. बाहेर जी पुस्तके बाळगणे गुन्हा ठरत होते, त्यांच्याच कथा पाद्री कोणा जाणत्याच्या तोंडून ऐकून अक्षर अक्षर उतरवीत होते. ह्या अध्ययनाचा हेतु शुद्ध होता असे मी म्हणणार नाही. प्रतिस्पर्ध्याचे मत खोडण्यासाठी ते जाणून घ्यावे, हाही हेतु त्यात होता. परंतु कथेचा गुण असा की, ती मन लावून ऐकणाऱ्याच्या ठायी घर करते. खंडनासाठी ऐकावयास बसलेला माणूस हळूहळू ओवीच्या तालावर डोलू लागतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक निराळीच परीक्षा आली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी असे चार इंग्रज होर्मुझ येथे हेर समजून पकडले गेले व बेड्या घालून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. ते प्रोटेस्टंट होते. ज्या सत्तेने पाऊंड ह्यांस तुरुंगात टाकले होते व १५८१ मध्ये येशूसंघाचे फादर एडमंड कँपियन ह्यांस फाशी दिली होती, त्याच सत्तेचे ते प्रजाजन होते. स्टीफन्स त्यांच्यापासून दूर राहिले असते तर त्यांस कोणी बोल लाविला नसता. परंतु ते त्यांजकडे गेले, त्यांच्याशी मायबोलीत बोलले, आणि एका फ्लेमिश संघबंधूच्या साहाय्याने त्यांच्यासाठी खटपट केली. डच प्रवासी लिन्स्खोतेन हाही त्या वेळी गोव्यातच होता, त्यानेही मदत केली. नाताळापूर्वी त्यांस जामिनावर सोडण्यात आले. स्टोरी हा चित्रकार होता, तो येशूसंघीयांच्या देवळाची चित्रे काढण्यास राहिला. इतर तिघे पुढील वर्षी जामीन मोडून पळून गेले व स्टीफन्स ह्यांच्या शब्दास उणेपणा आला. तथापि बंदिवानाची भेट घेतली की नाही, एवढेच प्रभु आपणांस विचारणार आहे. तो बंदिवान कोणत्या पंथाचा होता, हे विचारणार नाही.

आता मुख्य कार्याकडे वळू. साष्टीत नवख्रिस्ती जनांची संख्या वाढत होती. त्यांस प्रार्थना पाठ येत, आज्ञा पाठ येत, परंतु मन भरेल अशी कथा नव्हती. पूर्वी सायंकाळी गावात पुराण लागे. आता ते बंद झाले होते व त्या जागी काहीच आले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कथा ऐकत आलेल्या माणसास प्रश्नोत्तरांवर किती काळ ठेवणार? स्टीफन्स ह्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी हाच प्रसंग घातला आहे. शिकवणी चालू असता एक ब्राह्मण उठतो व पाद्री-गुरूस विनवितो की, आम्हांस जुनी पुराणे वाचावयास मनाई झाली, तर त्यांच्या जागी तशीच गोड कथा आम्हांस का देत नाही? ज्याने हा प्रश्न लिहिला, त्याला लोकांची पोकळी समजली होती. घेतले तेवढे परत देण्याचे ऋण आपल्यावर आहे, ही जाणीव त्या पानांत आहे.

त्या जाणिवेतून ख्रिस्तपुराण जन्मास आले. ते राशोल येथे १६१६ मध्ये छापून निघाले, आणि पुन्हा १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा छत्तीस अवस्वरूंत सांगितली आहे. दुसऱ्या पुराणात प्रभूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण हे एकूणसाठ अवस्वरूंत आले आहे. अवस्वरु म्हणजे अध्याय. एकंदर ओव्या जवळजवळ अकरा हजार भरतात. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० मध्ये जी ओवी गीतेच्या अर्थासाठी योजिली, आणि पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये भागवत पुरे करताना जी वापरली, त्याच ओवीस ह्या इंग्रज पाद्र्याने बायबलची कथा सांगावयास लाविले. एकनाथ व स्टीफन्स हे एकाच काळचे. एक गोदातीरी, दुसरा झुआरीतीरी. आपल्या वऱ्हाडात ऋद्धिपूरच्या महानुभावांनी मराठीस धर्मभाषेचा मान दिला होता. त्याच मानाच्या पंक्तीस स्टीफन्स येऊन बसले. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुति इतकी प्रसिद्ध आहे की, ख्रिस्ती नसलेले लोकही ती मुखोद्गत म्हणतात.

शब्दयोजनेत त्यांचे धैर्य विशेष दिसते. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले, धर्मगुरूस पाद्री-गुरु म्हटले, ग्रंथास पुराण म्हटले. ह्या शब्दांना जुना वास होता व त्या काळी अशा वासाचा संशय घेणारे पुष्कळ होते. परंतु स्टीफन्स ह्यांस कळले होते की, ज्या शब्दाने आईने मुलास निजविले, त्या शब्दानेच ते मूल मरणसमयी देवास हाक मारील. परका शब्द जिभेवर राहतो, आईचा शब्द आत उतरतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. आपला ग्रंथ देवनागरी अक्षरांत छापावा, असे त्यांच्या मनात होते. १६०८ च्या डिसेंबरात त्यांनी रोमला संघाच्या महावरिष्ठांस पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. मलबारात तसे ग्रंथ छापले गेले होते व त्यांचा लाभही झाला होता. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इकडे जोडाक्षरांसह सहाशेच्या आसपास साचे लागतात, ही अडचणही त्यांनी कळविली. ते खिळे कधीच पाडले गेले नाहीत, आणि ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत निघाले. छापखान्याच्या काळ्या शाईतही ते मराठीच राहिले, हे आपले भाग्य.

त्यांनी प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिकवणीचे कोंकणी पुस्तकही लिहिले. त्यात गुरु व शिष्य ह्यांचा संवाद असून ते १६२२ मध्ये राशोलला छापले गेले. कोंकणी भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण फादर दियोगु रिबेरू ह्यांनी वाढवून १६४० मध्ये छापविले. हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेचे छापून निघालेले ते पहिले व्याकरण मानले जाते. ही दोन्ही पुस्तके पाहण्यास लेखक हयात नव्हते. १६१९ मध्ये, सत्तरीच्या घरात असता, फादर स्टीफन्स ह्यांनी गोव्यात देह ठेविला.

त्यांच्यामागे ख्रिस्तपुराण साष्टीच्या देवळांत रविवारी व सणावारी मिस्सेनंतर वाचले जाऊ लागले. वृद्ध स्त्रिया व मुले ते ऐकत व पुष्कळांस त्याच्या ओव्या पाठ असत. परंतु सत्तेस लोकांची भाषा खुपू लागली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढून तीन वर्षांत सर्वांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असे फर्माविले. १७५९ मध्ये येशूसंघीयांस गोव्यातून हद्दपार केले. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मेला नाही. कोंकण व मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत लोकांनी हाताने नकला करून तो जतन केला. त्याच नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा ह्यांनी तो पुन्हा छापला. पुढे लंडनच्या एका संग्रहात त्याची देवनागरीतील हस्तलिखिते आढळली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरीत त्याची आवृत्ति काढली, आणि स्टीफन्स ह्यांची अपुरी इच्छा साडेतीनशे वर्षांच्या आतबाहेर पुरी झाली. ती पुरी करणारा गृहस्थ मराठी हिंदु होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आम्ही त्यांची पुराणे बंद केली होती, त्यांनी आमचे पुराण आम्हांस उघडून दिले.

राशोलचे ते कॉलेज १७६२ पासून धर्मप्रांताची सेमिनरी आहे व आजही तेथे धर्मगुरु घडतात. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने इतर धर्मांविषयीची आपली घोषणा प्रसिद्ध केली. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, आणि तिच्या लेकरांनी त्या धर्मांच्या लोकांशी संवाद व सहकार्य करावे, असा तिचा आशय आहे. पुण्यात, नागपुरात व अन्यत्र आमच्या सेमिनरींत आज जे शिकवितात, त्याचा आधार हा आहे. आपल्या यवतमाळ शहरातही १९५३ पासून १९८३ पर्यंत, पुण्यास जाईपर्यंत, प्रोटेस्टंट बंधूंची युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. तेव्हा धर्मविद्येचे अध्ययन ही गोष्ट ह्या काळ्या मातीस नवीन नाही.

आता माझी स्वतःची एक लज्जेची गोष्ट सांगतो व हा लेख आटोपता घेतो. गुरुदीक्षा होऊन मला थोडेच दिवस झाले होते. एका दवाखान्यात आपल्यातील एका आजारी मजुरास पवित्र तैलाभ्यंग देण्यास मी गेलो. विधि आटोपला. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध शेतकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, श्वास लागलेला, घरचे कोणी जवळ नाही. माझा झगा पाहून त्याने हात जोडले व देवाचे काही म्हणा, असे खुणेनेच सुचविले. मी सात-आठ वर्षे सेमिनरीत काढली होती. लॅटिन येत होते, तत्त्वज्ञान येत होते. परंतु त्या मरणोन्मुख माणसाच्या कानास ओळखीचे वाटेल असे एकही वाक्य मला येत नव्हते. मी मनातल्या मनात प्रार्थना करीत नुसता उभा राहिलो. तेव्हा ज्यास मी नुकताच तैलाभ्यंग दिला होता, तो आपला मजूर कुशीवर वळला. त्याने त्या वृद्धाचा हात धरला आणि लहानपणी गावच्या दिंडीत ऐकलेला हरिपाठ हलक्या आवाजात म्हटला. वृद्धाचे ओठ हलू लागले. त्याच रात्री तो गेला असे मला नंतर कळले.

त्या मजुराने स्वधर्म सोडला होता काय? मुळीच नाही. त्याच्या छातीवर क्रूस होता व ओठांवर नुकताच घेतलेला ख्रिस्तप्रसाद होता. शेजाऱ्याच्या शेवटच्या घटकेस त्याने त्याला त्याचेच नाणे हाती दिले, कारण वाटेत तेच चालणार होते. मला जे सेमिनरीत मिळाले नाही, ते त्याने मला खाटेवरून शिकविले. परत आल्यावर मी ख्रिस्तपुराण शोधून काढून वाचावयास बसलो. तोपर्यंत मी त्याला एक जुना ग्रंथ समजत होतो. त्या दिवसापासून त्यात मला एक मनुष्य दिसू लागला. परक्याच्या दारी जाऊन, खाली बसून, त्याची भाषा अक्षर अक्षर शिकणारा मनुष्य.

फादर स्टीफन्स सर्वथा निर्दोष होते, असा माझा दावा नाही. ते आपल्या काळाचे अपत्य होते. जुन्या देवतांविषयी त्यांनी कठोर लिहिले आहे. ज्या सत्तेच्या छायेत ते राहिले, तिच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी उघड आवाज उठविल्याचे दिसत नाही. परंतु इतरांनी जेव्हा हुकूम शिकविला, तेव्हा त्यांनी भाषा शिकली. हुकूम केव्हाच कालबाह्य झाले, त्यांची ओवी मात्र उरली.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी मला शंका विचारली, त्यांस माझे सविनय उत्तर हे आहे. आपण दारव्ह्यात मूठभर आहोत. आपल्या अवतीभवती वारकरी आहेत, पोहरादेवीस जाणारे बंजारा बांधव आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत. कपाशीच्या शेतात आपण एकत्र राबतो, दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर निजतो, आणि एकाच मातीत मिळतो. जो धर्मगुरु त्यांची भाषा व त्यांची श्रद्धा जाणत नाही, तो आपल्याही लोकांचे पुरते दुःख जाणू शकत नाही, कारण आपल्या लोकांची अर्धी नातीगोती तिकडेच आहेत. स्वधर्माची मुळे खोल असली म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात सावली पडली तरी झाडाचे काही जात नाही.

ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने एक लहानसा नेम करावा, अशी माझी विनंती आहे. वर्षातून एकदा तरी शेजारच्या अन्यधर्मीय घरी आजाऱ्याची विचारपूस करण्यास जावे, व जाण्यापूर्वी त्यांच्या प्रार्थनेतील चार शब्द समजून घ्यावेत. आणि घरी रविवारी सायंकाळी ख्रिस्तपुराणातील चार ओव्या मुलांकडून म्हणवून घ्याव्यात. राशोलच्या त्या पाद्री-गुरूचे ह्याहून चांगले स्मारक होणार नाही.

सर्व भाषा ज्याने निर्मिल्या व ज्यास त्या सर्व कळतात, तो दयाघन प्रभु आपल्या धर्मग्रामावर, शेजाऱ्यांवर व ह्या गावातील प्रत्येक आजाऱ्यावर कृपादृष्टि ठेवो, अशी त्याच्या चरणी नम्र प्रार्थना करून ही लेखणी खाली ठेवितो.

आपला धर्मगुरु